युकुलेले, म्हणजे छोट्या गिटारसारखं चार तारांचं वाद्य, कुठल्या कंपनीचा घ्यावा: कामाका, मार्टिन की काला? कारागिराच्या हातचा युकुलेले खरंच वेगळा वाजतो का?

पहिलाच युकुलेले असेल तर काला घ्या. लॅमिनेटचा, म्हणजे पातळ थर चिकटवून केलेल्या लाकडाचा असला तरी सूर बरा धरतो आणि कोरड्या हवेत लवकर तडकत नाही.

पण हो, हातचा वेगळा वाजतो. सगळी गंमत वरच्या फळीत आहे. ती असते जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाडीची. कारागीर ती तासतो, टिचकी मारून कानाशी धरतो, पुन्हा थोडी तासतो. प्रत्येक लाकडाचा तुकडा वेगळा, म्हणून जाडीही वेगळी. कारखान्यात एकच माप सगळ्यांना लागतं.

होनोलुलूच्या कामाकांकडे ही विद्या १९१६ पासून घरातच आहे. सॅम्युएल कामाका शिकले मानुएल नुनेस यांच्या हाताखाली, आणि नुनेस १८७९ साली पोर्तुगालच्या मदेइरा बेटावरून जहाजाने हवाईला आलेले सुतार. अननसाच्या आकाराचा युकुलेले कामाकांचाच. हवाईतल्या कोआ झाडाच्या लाकडाचा तो उबदार, भरलेला आवाज मला सगळ्यात जवळचा वाटतो. मार्टिन गिटारवाले, त्यांची बांधणी नेटकी, आवाज स्वच्छ.

कुठलाही घ्या, मोकळी तार आणि बाराव्या फ्रेटवर, म्हणजे दांडीवरच्या बाराव्या आडव्या पट्टीपाशी, दाबलेली तीच तार वाजवून बघा. दोन्ही स्वर नेमके एका सप्तकाच्या अंतरावर नसतील, तर नाव कितीही मोठं असो, तो परत ठेवा.