वाचकांचे प्रश्न : जेष्ठमध तीन नावांनी पोटात

प्रश्न : माझं वय ५४, न्यू जर्सीत राहते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि रक्तदाबासाठी हायड्रोक्लोरोथायझाइड चालू आहे. जेवल्यावर पोट फुगतं, शौचाला पातळ होतं. फंक्शनल मेडिसिनच्या (आजाराचं मूळ शोधून आहार आणि पूरक गोळ्यांवर भर देणाऱ्या पद्धतीच्या) डॉक्टरांनी साखर उतरवणारं वनस्पतिजन्य बर्बेरिन ५०० मि.ग्रॅ. दिवसातून तीनदा आणि लिकोरिसच्या कॅप्सूल दिल्या. अ‍ॅक्युपंक्चरच्या बाईंनी सुयांबरोबर ‘बान-श्या-श्ये-शिन-थांग’ या पोटाच्या चिनी औषधाची पूड दिली. खोकल्यासाठी जेष्ठमधाचा काढा घरचाच. तीन आठवड्यांत पोटऱ्यांत गोळे यायला लागले, पावलं सुजतात, रक्तदाब १५८/९४. हे दोन उपचार एकत्र चालत नाहीत का?

उत्तर : चालतात. तुमच्या बाबतीत दोघांनी एकमेकांची यादी पाहिलेली दिसत नाही. चिनी पुडीत सात द्रव्यं असतात आणि त्यातलं एक गान-त्साओ, म्हणजे जेष्ठमध. लिकोरिस म्हणजेही जेष्ठमध. वर घरचा काढा. जेष्ठमधातलं ग्लिसिरायझिन मूत्रपिंडातलं एक विकर (एन्झाइम) अडवतं. मग शरीरातलं कॉर्टिसॉल हे संप्रेरकच मीठ धरून ठेवणाऱ्या अल्डोस्टेरॉन या दुसऱ्या संप्रेरकासारखं वागू लागतं. मीठ-पाणी अंगात राहतं, पोटॅशियम लघवीवाटे जातं. तुमची रक्तदाबाची गोळीही पोटॅशियम बाहेर टाकणारीच आहे. गोळे, सूज आणि चढलेला रक्तदाब, तिन्हींचा मेळ इथे बसतो.

लिकोरिस कॅप्सूल, काढा आणि पूड तिन्ही आजच थांबवा. रक्तदाबाची गोळी स्वतःहून बंद करू नका. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना आजच फोन करा आणि पोटॅशियम आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन लगेच तपासून घ्या. छातीत धडधड किंवा हातापायांत बळ नसल्यासारखं वाटलं तर थेट इमर्जन्सीत जा. जेष्ठमध सोडल्यावरही परिणाम काही आठवडे रेंगाळू शकतो, त्यामुळे दोन दिवसांत बरं वाटलं नाही म्हणून घाबरू नका. रोज एकाच वेळी रक्तदाब मोजून वहीत लिहा.

पुडीत दुसरी गोष्ट आहे ह्वांग-ल्यान. आपल्या दारुहळदीसारखीच ही पिवळी मुळी, आणि दोन्हींत बर्बेरिन असतं. पारंपरिक काढ्यात ती दिवसाला साधारण ३ ग्रॅम पडते. मुळीत बर्बेरिन शेकडा पाचाहून थोडं अधिक धरलं तरी ते दीडशे मि.ग्रॅ.च्या आसपास येतं, आणि तुमच्या कॅप्सूलमधून रोज १५०० जातं. म्हणजे खरा भार कॅप्सूलचा. मेटफॉर्मिन आणि बर्बेरिन दोन्ही पोट बिघडवू शकतात, साखरही दोन्ही उतरवतात. तुमची पातळ शौच आजाराची की गोळ्यांची, हे आज कुणालाच सांगता येणार नाही. चार औषधं एकदम सुरू केल्याची ही किंमत असते.

पोटॅशियम सुधारल्यावर दोघांशी बोलून एकच वाट धरा. आमचं मत : बर्बेरिनची कॅप्सूल सोडावी आणि पोटासाठी चिनी औषध हवंच असेल तर जेष्ठमध वगळून घ्यावं. तयार मिश्रणाच्या बाटलीतून एक द्रव्य काढता येत नाही. सुट्या द्रव्यांची पूड मोजून देणाऱ्याकडेच ते जमतं. लिकोरिसच घ्यायचं असेल तर लेबलवर ‘डीजीएल’ असावं, म्हणजे ग्लिसिरायझिन काढलेलं. नवं काहीही सुरू करताना दोन गोष्टींमध्ये किमान दोन आठवडे ठेवा. सुया चालू ठेवायला हरकत नाही, त्यांची गोळ्यांशी गाठ पडत नाही.

प्रश्न : मुलगी लंडनला असते. थायरॉइडची गोळी चालू आहे, केस गळतात म्हणून बायोटिन (एक बी जीवनसत्त्व) १०,००० मायक्रोग्रॅम आणि ‘ह-शोउ-वू’ हे चिनी मुळीचं औषध घेते. टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक) अचानक ०.१ आला. गोळी कमी करायची का?

उत्तर : लगेच नको. अनेक प्रयोगशाळांच्या चाचणीत बायोटिनच वापरलेलं असतं. रक्तात ते भरपूर असलं की टीएसएच खोटा कमी आणि टी-४ (थायरॉइडचं संप्रेरक) खोटा जास्त दिसू शकतो, म्हणजे औषध जास्त झाल्यासारखं चित्र. एवढ्या मोठ्या मात्रेनंतर आठवडाभर बायोटिन बंद ठेवून चाचणी पुन्हा करावी आणि प्रयोगशाळेला तसं सांगावं. तोवर धडधड, हात कापणं, वजन उतरणं असं काही दिसलं तर मात्र थांबू नये, डॉक्टरांना लगेच कळवावं.

ह-शोउ-वूची आम्हाला जास्त काळजी वाटते. केसांसाठी ते प्रसिद्ध आहे, पण त्याने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी अनेक देशांत आहेत. ते आजच थांबवावं आणि यकृताच्या चाचण्या करून घ्याव्यात. लघवी गडद, डोळे पिवळे, अंगाला खाज, भूक मेलेली, यातलं एकही असेल तर उद्यावर टाकू नये. घरून अश्वगंधा पाठवत असाल तर तीही नको. तिनेही यकृताला इजा झाल्याचं नोंदलं गेलं आहे आणि ती थायरॉइडची पातळीही हलवू शकते. केसांसाठी आधी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) पाहा.

प्रश्न : चिनी वैद्य जीभ पाहून ‘प्लीहेत ओल’ म्हणतात, सोनोग्राफीत प्लीहा नॉर्मल. शिवाय रक्तातल्या आयजीजी प्रतिपिंडांच्या चाचणीत ३४ पदार्थ वर्ज्य आले. खरं काय?

उत्तर : त्यांची प्लीहा म्हणजे अन्न पचवून पोहोचवण्याचं काम. आपण अग्नी मंद म्हणतो, त्याच्या जवळपासचं. सोनोग्राफीशी तिचा संबंध नाही. जीभ दाखवायच्या सकाळी ती घासू नका, हळदीचं दूध, कॉफी, पान टाळा. पिवळा थर हळदीचा असतो आणि निदान भलतंच होतं.

आयजीजीची यादी बाजूला ठेवा. तो पदार्थ तुम्ही खात आला आहात, एवढंच ती सांगते. शंका असेल तो एकच पदार्थ तीन आठवडे सोडा आणि मग दोन दिवस पुन्हा खाऊन पाहा. अंगावर पित्त, ओठ सुजणं, धाप असं त्याने कधी झालं असेल तर हा प्रयोग घरी करू नका, अ‍ॅलर्जीतज्ज्ञांकडे जा.