वाचकांचे प्रश्न : ‘क्रीम’ची निरोपाची तबकडी

प्रश्न : मी धुळे तालुक्यातील लग्नाच्या बँडमध्ये ड्रम वाजवतो. ‘क्रीम’ या ब्रिटिश बँडची ‘गुडबाय’ ही शेवटची तबकडी नुकतीच ऐकली. तीत सहाच गाणी आहेत, तीन मैफलीतील आणि तीन स्टुडिओतील. ती मला दोन निरनिराळ्या बँडची वाटली. एवढे नाव झालेला बँड अडीच वर्षांच्या आत का मोडला आणि तबकडी अशी का झाली? शिवाय या बँडच्या वाजवण्यामागचे ब्लूज, म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे गाणे, कापसाच्या शेतातून आले असे म्हणतात. आमच्याकडे वेचणीला बाया गातात, तसेच ते आहे का?
— एक वाचक

उत्तर : आपल्या कानाला जाणवले ते खरे आहे, आणि बँड का मोडला याचे उत्तरही बरेचसे त्यातच आहे.

गिटारवादक एरिक क्लॅप्टन, बेस गिटार वाजवणारा गायक जॅक ब्रूस आणि ड्रमर जिंजर बेकर हे १९६६ मध्ये लंडनमध्ये एकत्र आले, तेव्हा तिघेही नावाजलेले होते. ब्रूस आणि बेकर यांचे आधीच्या बँडपासूनच पटत नव्हते. तरीही बेकरने नव्या बँडचा विषय काढला, तेव्हा ब्रूस असेल तरच मी येईन, अशी क्लॅप्टनने अट घातली. त्या तिघांत साथीला कोणी नव्हते. प्रत्येक जण पुढचाच वादक होता. मंचावर याच गोष्टीने लोक थक्क होत, आणि याच गोष्टीने पुढे घात केला. ‘आय ॲम सो ग्लॅड’ हे गाणे पहिल्या तबकडीवर चार मिनिटांच्या आत संपते, तर ‘गुडबाय’वर, १९ ऑक्टोबर १९६८ रोजी लॉस एंजेलिसच्या ‘फोरम’मध्ये ध्वनिमुद्रित झालेले तेच गाणे नऊ मिनिटांहून अधिक चालते. त्या वाढलेल्या मिनिटांत तिघे जे वाजवतात ते विलक्षण आहे. मात्र एकदा मैफलीत आपण वाजवणे थांबवले तरी दुसऱ्या दोघांच्या ते लक्षात आले नाही, असे क्लॅप्टनने पुढे सांगितले आहे. कर्णकर्कश आवाज, सततचे दौरे आणि ब्रूस-बेकर यांची भांडणे यांची त्यात भर पडली. २६ नोव्हेंबर १९६८ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्यांनी निरोप घेतला; तबकडी १९६९ च्या प्रारंभी आली आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली.

आधीच्या ‘व्हील्स ऑफ फायर’प्रमाणे ही तबकडीही दुहेरी करण्याचा बेत होता, परंतु तेवढी सामग्री हाताशी नव्हती. म्हणून स्टुडिओच्या भागात तिघांनी एकेक गाणे दिले. क्लॅप्टनने ‘बॅज’ हे गाणे ‘बीटल्स’च्या जॉर्ज हॅरिसनबरोबर लिहिले (कागदावरचा ‘ब्रिज’, म्हणजे गाण्याचा जोडभाग, हा शब्द चुकीचा वाचला गेल्याने त्याला हे नाव मिळाले), आणि हॅरिसनने त्यात टोपणनावाने गिटारही वाजवली. पावणेतीन मिनिटांच्या या बांधीव गाण्यात पुढच्या काळातला क्लॅप्टन ऐकू येतो, आणि माझ्या मते तबकडीतील सर्वांत चांगले गाणे हेच आहे. मात्र ड्रमर म्हणून आपण मैफलीतील ‘पॉलिटिशियन’ पुन्हा ऐकावे. त्याची चाल संथ आहे. अशा चालीत तोल सांभाळणे जलद वाजवण्यापेक्षा अवघड असते, आणि बेकर तो शेवटपर्यंत सांभाळतो.

आता कापसाविषयी. शेतात राबताना गाणे हे साम्य खरे आहे, आणि काळ्या मातीत वेचणीचे दिवस पाहिलेल्या माणसाला ते लगेच जवळचे वाटते. तरीही दोन्ही एकच मानू नयेत. आपल्याकडील गाण्यांत सासर-माहेर आणि देवादिकांची वर्णने असतात; ब्लूजमागे गुलामगिरीचा वारसा आणि मुक्तीनंतरही जमीनदाराच्या कर्जात अडकलेली बटाईची शेती आहे. शिवाय ब्लूज केवळ शेतात राहिले नाही. गिटार घेऊन गावोगाव फिरणाऱ्या गायकांनी ते वाढवले. ‘आय ॲम सो ग्लॅड’ अमेरिकेतील मिसिसिपी राज्यातल्या बेंटोनिया गावचे ब्लूज गायक स्किप जेम्स यांनी १९३१ मध्ये ध्वनिमुद्रित केले होते, आणि त्यानंतर कित्येक वर्षे जेम्स विस्मृतीत गेले होते. ‘क्रीम’ने गाण्याचे श्रेय त्यांच्या नावे दिले, त्याच्या मानधनाचे पैसे जेम्स यांना कर्करोगाच्या आजारपणात दवाखान्याच्या खर्चासाठी उपयोगी पडले. ‘गुडबाय’ बाजारात आली त्याच वर्षी, १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये, ते वारले.