गॅमा किरण जमिनीवरून कसे टिपतात?

प्रश्न : वातावरण गॅमा किरणांना अडवते, असे शाळेत शिकलो, मग सक्रिय दीर्घिकांमधून (ज्यांच्या केंद्रातील कृष्णविवर भोवतालचे पदार्थ गिळत असते, अशा दीर्घिकांमधून) येणारे गॅमा किरण लडाखमधील दुर्बिणीला कसे कळतात?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आपण शिकलात ते बरोबरच आहे, गॅमा किरण स्वतः जमिनीपर्यंत पोहोचत नाही. मात्र अतिउच्च ऊर्जेचा किरण वातावरणाच्या वरच्या थरांत शिरला, की त्यातून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनसारखेच, पण धनभारित कण) यांचा वर्षाव निर्माण होतो, आणि हे कण हवेतील प्रकाशाच्या वेगापेक्षाही अधिक वेगाने धावत असल्यामुळे निळसर चेरेन्कोव्ह प्रकाश उमटतो. सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरताच टिकणारा हा प्रकाश लडाखमधील हानले येथील २१ मीटर व्यासाची ‘मेस’ दुर्बीण टिपते, आणि त्याच्या प्रतिमेवरून मूळ किरणाची दिशा व ऊर्जा ठरवली जाते. ही युक्ती मला विज्ञानातील अत्यंत सुंदर युक्त्यांपैकी एक वाटते.

याच पद्धतीने १९९२ मध्ये अमेरिकेतील व्हिपल वेधशाळेने मार्केरियन ४२१ या सक्रिय दीर्घिकेचे असे किरण नोंदवले. तिच्या केंद्रातील कृष्णविवराजवळून निघणारा कणांचा झोत जवळजवळ थेट आपल्याकडे रोखलेला आहे, म्हणूनच सुमारे ४० कोटी प्रकाशवर्षांवरूनही ती गॅमा किरणांत इतकी तेजस्वी भासते. एप्रिलच्या रात्री सोलापुरातून उत्तरेला दिसणाऱ्या सप्तर्षी तारकासमूहातच ती आहे. नुसत्या डोळ्यांना मात्र ती दिसत नाही.