जळगावात राहून मेन्साची परीक्षा कशी द्यावी? क्लास लावावा का?

भाऊ, आधी पुण्या-मुंबईच्या तिकिटाचं बघा. केंद्रं बहुधा मोठ्या शहरांतच असतात. मेन्सा म्हणजे जास्त बुद्ध्यांक (आयक्यू) असलेल्या लोकांची संघटना, १९४६ साली ऑक्सफर्डला सुरू झाली. अट एकच, मान्य चाचणीत वरच्या २ टक्क्यांत यायचं. मोबाइलवरच्या ‘तुमचा आयक्यू १४५’ला तिथे कोणी विचारत नाही.

प्रश्न आकृत्यांचे असतात. नऊ चौकटी, आठ भरलेल्या, नववी कोरी. आडवं बघितलं तर त्रिकोण फिरतोय, उभं बघितलं तर ठिपके वाढतायत; दोन्ही नियमांत बसणारा पर्याय निवडायचा. त्यामुळे इंग्रजी कच्चं असलं तरी अडत नाही. वेळ मात्र पळतो, अडलेलं सोडून पुढे सरका.

क्लासवर पैसे घालू नका. आदल्या रात्री शेवभाजी जरा बेतानं खा आणि झोपा. नोकरीत याचा फारसा उपयोग नाही, पण कोड्यांचा नाद असलेली माणसं भेटतात.