पुस्तकाचा नंबर स्वतःच्या नावावर घे

चि. लेखिकेस,
सप्रेम आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "काका, प्रेसवाले आयएसबीएनसकट पॅकेज देतायत, पैसे भरले की सगळं तेच बघतील." तेव्हा वाचनालयात माणसं होती, नीट बोलता आलं नाही. म्हणून रात्री लिहायला बसलो. छपाई त्यांच्याकडून करून घे, बांधणी करून घे, पण आयएसबीएन, म्हणजे जगभर पुस्तक ओळखायचा तो तेरा आकडी नंबर, त्यांच्याकडून घेऊ नकोस. तो तुझा तू काढ.

भारतात हा नंबर फुकट मिळतो. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाखाली दिल्लीत राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सी आहे, तीच तो देते. २०१६ पासून अर्ज ऑनलाइन करता येतो. कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान ही वेगळी संस्था. ती वाचनालयांना पुस्तकखरेदीसाठी मदत करते. नाव सारखं असल्यामुळे आमच्याकडे येणारे बरेच लेखक चुकीच्या दारात जाऊन उभे राहतात. आणि इंटरनेटवर डॉलरमधले दर दिसले तर घाबरू नकोस. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये लेखकाला नंबर विकत घ्यावा लागतो, आपल्याकडे नाही.

मग पॅकेजवाल्याचा घेतला तर बिघडलं कुठे, असं तुला वाटेल. २००९ साली मलाही तसंच वाटलं होतं. आमच्या गावच्या बारवांवरचं माझं पहिलं पुस्तक मी असंच पैसे भरून काढलं. नंबर आला, बारकोड आला, मी खूश. पाचशे प्रती दोन वर्षांत संपल्या. पुन्हा छापायला निघालो तेव्हा कळलं, तो नंबर त्या संस्थेला मिळालेल्या मालिकेतला होता. सरकारदरबारी माझ्या पुस्तकाचे प्रकाशक ते, मी नव्हे. पैसे माझे, कष्ट माझे, आणि वाचनालयांच्या ऑर्डरी जात होत्या त्यांच्या पत्त्यावर. तिथे फोन उचलायलाही कुणी नव्हतं. प्रकाशक बदलला की नंबरही बदलावा लागतो, म्हणून मला दुसरा काढावा लागला. आज एकाच पुस्तकाच्या दोन नोंदी वेगवेगळ्या वाचनालयांत पडून आहेत. मीच ग्रंथपाल, आणि माझ्याच पुस्तकाची नोंद मला सरळ करता आली नाही. ते मनाला फार लागलं. तुझ्या वाट्याला ते येऊ नये.

नंबर वाचायला शीक, म्हणजे कुणी फसवणार नाही. तेरा आकडे, पाच तुकडे. पहिला ९७८, म्हणजे ही वस्तू पुस्तक आहे (काही देशांत आता ९७९ सुद्धा असतो). दुसरा तुकडा ८१ किंवा ९३, तो भारताचा. तिसरा प्रकाशकाच्या नोंदीचा. चौथा त्या पुस्तकाचा. शेवटचा एकटा आकडा पडताळणीचा, आणि मला त्याचंच फार कौतुक आहे. पहिल्या बारा आकड्यांना डावीकडून आळीपाळीने १ आणि ३ ने गुणायचं. ९७८९३ घे: ९, मग सातत्रिक एकवीस, ८, मग नऊत्रिक सत्तावीस, ३. झाले अडुसष्ट. असं बाराव्या आकड्यापर्यंत जायचं. समज, बेरीज ११३ आली. पुढची दशकी संख्या १२०, तिथे पोचायला ७ कमी पडतात, म्हणून तेरावा आकडा ७. माझ्या दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी अक्षरजुळणी करणाऱ्याने आतल्या पानावर दोन शेजारचे आकडे उलटे टाकले होते. प्रूफ तीनदा वाचूनही मला दिसलं नाही, ही बेरीज केली तेव्हा सापडलं. म्हणून नंबर हाताने टाइप करू देऊ नकोस, आलेल्या कागदावरून कॉपी करायला सांग.

अर्ज 'लेखक-प्रकाशक' म्हणून भर. ओळखपत्र आणि मुखपृष्ठ तयार ठेव. पुस्तकाचं नाव अर्जात, मुखपृष्ठावर आणि आतल्या पानावर अक्षर न् अक्षर सारखंच असू दे, ऱ्हस्व-दीर्घासकट. छपाईच्या दोन-तीन महिने आधीच अर्ज टाक, आणि नंबर हातात येईपर्यंत प्रकाशन समारंभाची तारीख धरू नकोस. हॉल बुक करून पाहुण्यांना आमंत्रण गेलं की घाई होते, आणि त्या घाईतच माणूस पॅकेजवाल्याकडे जातो.

तुझ्या पुस्तकाबाबत आणखी एक. माण तालुक्यातल्या ज्या बायांकडून तू जात्यावरच्या ओव्या लिहून घेतल्यास, त्या ओव्या त्यांच्या आयांच्या, आज्यांच्या. तू स्वतःला 'लेखिका' म्हणू नकोस, 'संकलन व संपादन' असं लिही, अर्जातही आणि पुस्तकावरही. अर्जात त्या बायांची नावं लिहायला जागा असो वा नसो, पण पुस्तक तुझं आहे, त्यात आहे. ओवी ज्या पानावर, त्याच पानावर ती सांगणाऱ्या बाईचं नाव आणि गाव छाप. हे मी आग्रहाने सांगतो.

ई-बुक काढलंस तर त्याला वेगळा नंबर, पुठ्ठाबांधणीला वेगळा, पुढे मजकूर वाढवून नवी आवृत्ती काढलीस तर तिलाही वेगळा. नुसतं पुनर्मुद्रण केलंस किंवा किंमत वाढवलीस तर जुनाच चालतो. किंडलवर नंबरावाचूनही ई-बुक निघतं, तिथे अॅमेझॉनचा स्वतःचा क्रमांक लागतो. तो बाहेर कुठे उपयोगाचा नाही.

नंबर मिळाला म्हणजे कॉपीराइट मिळाला असं मात्र समजू नकोस. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. तुझी प्रस्तावना, टिपा, ओव्यांची निवड आणि मांडणी यांवर तुझा हक्क लिहिल्या क्षणापासून आहेच.

मुखपृष्ठावर सगळं कुंकवाच्या रंगात हवं असं तू म्हणालीस. छान दिसेल. पण मलपृष्ठावरचा बारकोड काळाच ठेव, मागे पांढरी चौकट सोडून. दुकानातल्या स्कॅनरचा उजेड बहुतेक लाल असतो, लाल रेघा त्याला दिसतच नाहीत.

आणि पुस्तक छापून आलं की तीस दिवसांच्या आत प्रती पाठवायच्या आहेत: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कन्नेमारा, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि आपलं मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय. हा १९५४ चा कायदा आहे, आणि प्रकाशक म्हणून ती जबाबदारी आता तुझी. टपालखर्चही तुझाच. पण बघ, दहिवडीकडच्या एखाद्या आजीची ओवी कोलकात्यात जपून ठेवली जाईल.

आतल्या पानाचं शेवटचं प्रूफ निघालं की प्रेसला देण्याआधी मला फोटो पाठव. पेन्सिल घेऊन बेरीज मी करून ठेवतो.

तुझा,
वाचनालयातला काका