'डिस्मल'मधला 'डिस' कुठला?

इंग्रजी 'डिस्मल'चा नेमका अर्थ काय, आणि त्यातला 'डिस' हा 'डिसऑनेस्ट'मधलाच नकारार्थी उपसर्ग का, असा प्रश्न आला आहे. नाही, तो उपसर्ग नव्हे. तसा धरला तर मागे उरलेल्या 'मल'चं काय करायचं?

शब्द मुळात लॅटिन आहे. 'दिएस माली' म्हणजे वाईट दिवस. इंग्लंडातल्या फ्रेंचमध्ये त्याचं 'दिस माल' झालं आणि तिथून ते इंग्रजीत उतरलं. 'दिएस' आणि आपला 'दिवस' एकाच कुळातले. 'माल' म्हणजे वाईट, मलेरियातला (शब्दशः 'वाईट हवा') तोच हा. संस्कृत 'मल' (घाण) या शब्दाशी त्याची सोयरीक जुळवायचा मोह आवरलेला बरा.

मध्ययुगीन युरोपच्या पंचांगांत महिन्याला दोन, म्हणजे वर्षाला २४ दिवस अशुभ मानलेले असत. जानेवारीत १ आणि २५ तारीख. इजिप्तच्या ज्योतिष्यांनी ते शोधले अशी समजूत, म्हणून नाव 'इजिप्शियन दिवस'. त्या दिवशी नव्या कामाला हात घालायचा नाही आणि, मुख्य म्हणजे, वैद्याकडून रक्त काढून घ्यायचं नाही. फ्रेंचमध्ये 'दिस' म्हणजे दहासुद्धा. त्यावरून चौदाव्या शतकात इंग्रज कवी चॉसरने बायबलमधल्या इजिप्तवरच्या दहा संकटांशी कोटीही करून घेतली.

तोवर हा शब्द नाम होता. त्यात 'दिवस' आहेच हे विसरल्यावर लोक 'डिस्मल डेज' म्हणू लागले, म्हणजे आपला पिवळा पीतांबर! अशा जोडीत पहिला शब्द विशेषण वाटणारच. मग दिवसांखेरीज इतर गोष्टीही डिस्मल होऊ लागल्या. आधी अशुभ, भयाण, नंतर उदास, भकास. अमेरिकेत व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या सीमेवरच्या अफाट दलदलीचं तर नावच 'ग्रेट डिस्मल स्वॉम्प'.

आज हवा डिस्मल असली तर 'कुंद' म्हणावं, खोली असली तर 'भकास'. क्रिकेट संघाची कामगिरी डिस्मल म्हणजे अगदीच सुमार. तिथे 'उदास' लिहिणारे अनुवादक कोश उघडून पहिला शब्द उचलतात.

अर्थशास्त्राला 'डिस्मल सायन्स' म्हणतात त्याचं कारण अर्थशास्त्रज्ञ माल्थसची लोकसंख्यावाढीची काळी भाकितं, असं सर्रास सांगितलं जातं. ते चूक आहे. हा शब्दप्रयोग ब्रिटिश लेखक थॉमस कार्लाइलने डिसेंबर १८४९ मध्ये 'फ्रेझर्स मॅगझिन'मधल्या लेखात केला आणि विषय होता वेस्ट इंडीजमधले मुक्त झालेले गुलाम. त्यांना सक्तीने कामाला जुंपावं असं त्याचं म्हणणं. माणसांना मोकळं सोडा, बाकी मागणी-पुरवठा बघून घेईल, असं सांगणारं शास्त्र त्याला डिस्मल वाटलं. पुढच्याच महिन्यात, त्याच मासिकात, तत्त्वज्ञ-अर्थशास्त्रज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने त्याचा खरपूस समाचार घेतला.