वाचकांचे प्रश्न : दूरदेशीची बैठक, फुकटात

प्रश्न : आमच्या वाचनकट्ट्यात नागपूरच्या महाल-इतवारीतले दहा-बारा जण आहेत, शिवाय मॉरिशस, लंडन आणि न्यू जर्सीतले काही. रविवारी संध्याकाळी दीड तास जमतो. फुकटच्या झूमवर 40 मिनिटांत सगळे बाहेर पडतात आणि मार्च आला की वेळेचा घोळ होतो. — एक वाचक, महाल

उत्तर : सलग दीड तास हवा तर फुकटचे गूगल मीटही कामाचे नाही, तिघे किंवा जास्त असले की 60 मिनिटांवर थांबते. 32 जणांपर्यंत व्हॉट्सॲपची कॉल लिंक पुरते. ॲप न टाकता लॅपटॉपच्या ब्राउझरमधून यायचे असेल तर जित्सी मीट ही फुकटची बैठक-सेवा घ्या. तिथे 2023पासून बैठक सुरू करणाऱ्या एकाला लॉगिन करावे लागते, बाकीचे नुसत्या लिंकवर येतात.

घोळ घड्याळाचा आहे. आपले आणि मॉरिशसचे घड्याळ वर्षभर हलत नाही. अमेरिकेचे मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जाते, ब्रिटनचे शेवटच्या रविवारी. आपली संध्याकाळची 7.30 म्हणजे मॉरिशसला कायम 6. न्यू जर्सीत मात्र हिवाळ्यात सकाळचे 9, उन्हाळ्यात 10. लंडनला दुपारचे 2, मग 3. मधले दोन-तीन आठवडे अमेरिका सरकलेली आणि ब्रिटन जागच्या जागी, तेव्हाच कुणीतरी हमखास चुकते. ग्रुपवर वेळ टाइप करत बसू नका. कॅलेंडरचे आमंत्रण भारतीय वेळेने पाठवा, ज्याच्या त्याच्या फोनवर तिथली वेळ आपोआप दिसेल.

प्रश्न : भजनाच्या ऑनलाइन बैठकीत पेटी-तबला मध्येच गायब होतो. कूलर बंद करून मे महिन्यात बसवत नाही. शिवाय आवाज घुमतो तो वेगळाच. — एक वाचक, नंदनवन

उत्तर : ॲपला माणसाचे बोलणे तेवढे कळते. कूलरचा घरघराट गाळता गाळता ते पेटीचा लांबलेला सूरही गाळून टाकते. झूममध्ये संगीतासाठी ‘ओरिजिनल साउंड’ आहे, गाणाऱ्याने तेवढे सुरू करावे. पण मग कूलरही जसाच्या तसा ऐकू जातो, म्हणून गाणे सुरू असेपर्यंत पंप चालू ठेवून पंखा अगदी कमी करा आणि माइक कूलरकडे पाठ करून तोंडाजवळ धरा. आणि एकाच वेळी दोन गावांहून ठेका धरायचा नाद सोडा. आवाज पोचायला उशीर लागतो, सम कधीच जुळणार नाही. एकाने गावे, बाकीच्यांनी माइक बंद ठेवून आपापल्या घरी म्हणावे.

घुमण्याचे कारण शोधताना लोक नेमके उलटे करतात. ज्याला स्वतःचा आवाज परत ऐकू येतो, तो बिचारा निर्दोष असतो. दोष ज्याला घुमणे ऐकूच येत नाही त्याच्या स्पीकरचा. एकेकाचा माइक बंद करत जा, ज्याच्यापाशी घुमणे थांबेल त्याला इयरफोन लावायला सांगा. एका खोलीत दोन फोन बैठकीत असतील तर एकाचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद हवेत.

प्रश्न : आजीकडे बटणांचा फोन आहे. तिला बैठकीत घेता येईल? — एक वाचक, सक्करदरा

उत्तर : येईल. एका बंद खोलीत लॅपटॉपवर बैठक लावा, दुसऱ्या फोनवरून आजीला साधा कॉल करा आणि तो स्पीकरवर टाकून लॅपटॉपपासून वीतभर अंतरावर ठेवा. दोन्हींचा आवाज मध्यम ठेवा. आजींनी फोन कानालाच लावायचा. त्यांनी स्पीकर लावला की शिट्टी सुरू. अशा आणखी आजी-आजोबांना ‘ॲड कॉल’ आणि ‘मर्ज’ करून त्याच कॉलवर घेता येते, एकूण पाच जणांपर्यंत. व्हॉट्सॲप कॉल आणि साधा कॉल असे एकमेकांत मर्ज होत नाहीत.

प्रश्न : लाईट गेली की बैठक तुटते. — एक वाचक, मानेवाडा

उत्तर : राउटरसाठी मिनी यूपीएस घ्या. ॲडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट (बहुधा 12) तंतोतंत जुळले पाहिजेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही बॅकअप हवा, नाहीतर राउटर चालू आणि नेट बंद. तोवर मोबाइल डेटावर या आणि व्हिडिओ बंद ठेवा. नुसत्या आवाजाला तासाला ढोबळमानाने 40 एमबी लागतात.